कुंपणावरची लवकी

माझं लग्न झालं तेव्हा आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. माहेर हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर आणि सासर आंजी मोठी. दोन्हीकडे शेती, दोन्हीकडे काळी जमीन, त्यामुळे नव्या घरात आल्यावर फार परकं वाटलं नाही. नवरा आर्वीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच असायचो. मी, सासू आणि सासरे. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी.

मामाजींचे गुडघे गेले होते. शेत त्यांनी मक्त्यानं देऊन टाकलं होतं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते. मग सगळा जीव त्यांनी सांदवाडीत घातला होता. घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. आमची सांदवाडी लांबट होती, एका बाजूला विहीर, मागच्या टोकाला उकिरडा आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. त्यात वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांभार, चवळीच्या शेंगा, कडेला अंबाडी, न्हाणीच्या पाण्यावर कोचईची, म्हणजे अळूची पानं आणि मधोमध कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचा मोठा मांडव. त्या मांडवावर लवकीचे वेल. दुधी भोपळा हा शब्द मी नंतर शहरातल्या बायकांकडून ऐकला. आमच्याकडे ती लवकीच.

लवकीचं बी मामाजी घरचंच धरायचे. दरवर्षी सर्वांत चांगली एक लवकी वेलावरच ठेवायची, ती पिवळी पडून लाकडासारखी टणक झाली की उतरवायची आणि चुलीच्या वर, धुराच्या जागी टांगायची. वीस वर्षांपासून तेच बी होतं. या बियाची लवकी कधी बेचव निघाली नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आत्याबाई हसायच्या. म्हणायच्या, इतकं कौतुक कधी पोराचं नाही केलं.

पहिले काही महिने मी मामाजींसमोर डोक्यावरचा पदर धरून खाली मान घालून उभी राहायची. बोलणं होत नव्हतं. सांदवाडीत मात्र बोलावंच लागे. आळं कुठं करायचं, शेणखत किती घालायचं, कोणता शेंडा खुडायचा. ते बाजेवर बसून सांगायचे आणि मी करायची. वडील माझ्या लहानपणीच गेले होते. कोणी पुरुष माणूस माझ्याशी इतकं सावकाश, इतकं नीट बोलतो याची मला सवय नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात मी विळीवर काकडी चिरत बसले होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"काकडी असो का लवकी असो, कापली की पहिली चकती जिभेवर ठेवाची. मग गंजात टाकाची. इसरजो नोको."

गंज म्हणजे आमचं भाजीचं पातेलं. मी विचारलं, आपल्या बियाचीसुद्धा का? त्यांनी सांगितलं की वेलाचा भरवसा नसतो, पाणी कमी-जास्त झालं, दुसऱ्या जातीचे पराग बसले, की एखादा वेल कडू होतो, आणि कडू लवकी पोटात गेली तर बैलसुद्धा आडवा होतो. तेव्हापासून मी चाखल्याशिवाय कधी लवकी शिजवली नाही. आईकडून नाही, त्यांच्याकडून शिकले मी ते.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि आषाढात मामाजींना कावीळ झाली. आधी जेवण तुटलं, मग डोळे हळदीसारखे झाले. गावातल्या डॉक्टरांनी वर्ध्याला नेऊन रक्त तपासून आणायला लावलं. तेल, तिखट, तूप सगळं बंद. उकडलेली लवकी, मुगाचं पाणी, ताकातली भाकर एवढंच द्यायचं. लवकी चांगली, रोज द्या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मामाजींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा बरं दिसलं. घरचं औषध घरच्या मांडवावर होतं.

त्या वर्षी पाऊस मात्र उघडायलाच तयार नव्हता. आषाढ गेला, श्रावण लागला, तरी दिवसच्या दिवस नुसती झड. काळी जमीन पाणी धरून बसली. सांदवाडीत पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा. आधी भेदरं गेली. मग वांगी उभ्या-उभ्या सुकली, मुळाशी बोट घातलं तर साल हातात यायची. मी मांडवाच्या भोवती चर खणला, पाणी कुंपणाबाहेर काढलं, चुलीतली राख नेऊन बुडाशी टाकली. दोन दिवस वेल तरारल्यासारखे वाटले. मग एका दुपारी पाहते तर सगळी पानं खाली लोंबलेली, जणू कुणी उकळतं पाणी ओतलं. मी एक वेल हलकेच ओढला आणि तो मुळासकट निघून आला. मूळ कसलं, काळा चिखलच होता. वर फुलं होती, करंगळीएवढ्या दोन लवक्यासुद्धा धरल्या होत्या.

धुराड्यातलं उरलेलं बी काढून मी पुन्हा लावलं. उगवलंच नाही. ते संपल्यावर माझ्याकडे काही राहिलं नाही.

मामाजी घरापुढच्या छपरीत बाजेवर पडून असायचे. मागं येण्याची त्यांना ताकद नव्हती. रोज सकाळी मी पाणी घेऊन गेले की त्यांचा पहिला प्रश्न तोच.

"मांडव कसा हाय, बाई?"

वेल गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी खोटं बोलले. "भरला हाय मामाजी. जागा नाई राह्यली." मला खरं सांगवलंच नाही. त्यांचे डोळे पिवळे, हाताच्या शिरा वर आलेल्या, आणि तो मांडव म्हणजे त्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे असं मला वाटायचं. आत्याबाईंनी आतून ऐकलं. त्यांनी हातातलं काम तसंच चालू ठेवलं.

मग रोजच खोटं बोलावं लागलं. आठवडी बाजारातून मी लवक्या आणायची, कोठीत झाकून ठेवायची आणि रोज एक शिजवायची. बाजारच्या लवकीची मी दोन-दोनदा चव घ्यायची. मामाजींना सांगायची, आज मांडवाच्या विहिरीकडच्या बाजूची काढली, आज मधली काढली. एकदा त्यांनी अख्खी लवकी पाहायला मागितली. हातात घेऊन फिरवली, बुडाशी बोट फिरवलं. म्हणाले, आपली बुडाशी अशी बारीक नसते. मी म्हटलं, पावसानं झाली असेल. त्यांनी मान हलवली आणि ती परत दिली. ती घेऊन मी घाईनं आत गेले.

काविळीनं त्यांच्या तोंडाची चव गेली होती. जे द्यावं ते कडू लागायचं. मुगाचं पाणी कडू, ताक कडू, साखर घातलेलं पाणीसुद्धा कडू. पहिला घास घेतला की तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, कडू हाय. मग मी समजूत घालायची, तोंडच तसं झालंय, चार घास खा, अंगात ताकद येईल. ते लहान मुलासारखे ऐकायचे. महिना-दीड महिना हेच चाललं होतं आणि त्याचा गुणही येत होता. भाद्रपद लागला तेव्हा डोळ्यांतली हळद उतरली होती. भिंत धरून चार पावलं चालायला लागले होते. मला वाटलं, आपण जिंकलो.

आणि त्याच सुमारास मला तो वेल दिसला. मागच्या कुंपणावर, उकिरड्याच्या उताराला, कुणी न लावता आलेला. तिथलं पाणी आपसूक वाहून जायचं म्हणून तो टिकला असावा. बोरीच्या काट्यांवर चढून तो पलीकडच्या बाजूला उतरला होता आणि पानांच्या आड लवक्या लागल्या होत्या. हिरव्यागार, लांब, मामाजींच्या लवकीसारख्याच दिसणाऱ्या. मी तिथं चिखलात उभी राहून रडले. मला वाटलं, त्यांचंच बी असेल, कुठली तरी साल उकिरड्यावर फेकली असेल त्यातून आलं असेल. आता खोटं बोलायला नको, आता घरची लवकी त्यांच्या ताटात पडेल. दुसरा काही विचार मनाला शिवलाच नाही.

हरतालिकेचा दिवस होता. आत्याबाई आणि मी, दोघींचा निर्जळी उपास. बाजाराला दोन दिवस अवकाश होता आणि कोठीतल्या लवक्या संपल्या होत्या. आत्याबाई शेजारच्या बायकांबरोबर नदीवर वाळू आणायला गेल्या, तिथून देवळात जाणार होत्या. मी विळा घेऊन मागं गेले आणि कुंपणावरची सर्वांत कोवळी लवकी कापून आणली. नख लावलं तर आत गेलं. छान होती. मी ती सोलली, फोडी केल्या. पहिली चकती हातात घेतली होती, हे मला पक्कं आठवतं. मग उपास आठवला. थेंबभर पाणी चालत नाही, तर चकती कशी जिभेवर ठेवायची? नुसती जिभेला लावून थुंकली असती तरी काय झालं असतं, कोणता देव रागावला असता? पण ते आज सुचतं. त्या दिवशी मी चकती गंजात टाकली. मिठाचीही चव घेतली नाही, अंदाजानं घातलं.

अकराच्या सुमारास मामाजींना जेवायला वाढलं. वाटीभर लवकी आणि ताकातली भाकर. त्यांनी घास घेतला आणि थांबले. तोंडात तसाच धरून बसले. मग गिळला.

"आज जास्तच कडू लागून राह्यली, बाई."

मी हसले. मी हसले होते. म्हटलं, "तोंडच कडू हाय तुमचं मामाजी. आज तर ताजी तोडून आणली. खा."

"मांडवावरची?"

"मांडवावरचीच."

ते माझ्याकडे पाहत होते. मी बाजेजवळ खाली बसले होते आणि उपासानं माझंही डोकं दुखत होतं. मला लवकर आवरून पूजेची तयारी करायची होती. मी म्हटलं, सगळी वाटी संपवा, आता तर तुम्ही चालायला लागलात. त्यांनी सगळी वाटी संपवली. प्रत्येक घासाला डोळे मिटत होते. शेवटचा रस्सा मी वाटी तोंडाला लावून पाजला.

भांडी घासून येईपर्यंत त्यांना पहिली उलटी झाली. मला वाटलं जेवण जड झालं. दुसऱ्या उलटीला ते बाजेच्या काठावर वाकले आणि सरळ होऊच शकले नाहीत. मग जुलाब. मी त्यांना धरून बसवत होते, पुसत होते, पुन्हा धरत होते. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. चौथी की पाचवी उलटी झाली तेव्हा तिच्यात रक्त दिसलं. आधी लाल रेघा, मग नुसतंच लाल. हातपाय बर्फासारखे पडले होते. मी मागं धावत गेले आणि गंजाकडे पाहिलं. भाजी संपलेली होती, बुडाशी थोडा रस्सा होता. मी बोट बुडवलं, पण तोंडापर्यंत नेलं नाही. न चाखताच मला कळलं. गंजात पाणी ओतून मी ते न्हाणीत सांडून दिलं. का सांडलं हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग रस्त्यावर येऊन हाका मारल्या. शेजारचे दोघं-तिघं धावत आले. गावच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, एक इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब वर्ध्याला न्या म्हणून सांगितलं. चौघांनी बाज उचलली आणि एसटीच्या थांब्यावर आणून ठेवली. आत्याबाई तिथंच धावत आल्या, हातात वाळूचं ताट तसंच. आर्वीहून येणारी गाडी एकची होती. एक वाजला, दोन वाजले. मग कुणीतरी सायकलवरून सांगत आलं की आर्वीकडच्या नाल्याला पूर आहे, गाडी पलीकडेच उभी आहे.

ते दोन तास मी विसरू शकले नाही. थांब्याच्या छपरातून पाणी गळत होतं. मामाजींच्या अंगावर पोतं टाकलं होतं आणि ते भिजत होतं. ओकायलाही काही उरलं नव्हतं, तरी शरीर उसळत होतं. आत्याबाई त्यांचे तळवे घासत होत्या आणि मला पुन्हा-पुन्हा विचारत होत्या, काय झालं, सकाळी तर चांगले होते, काय झालं. मी म्हणत होते, माहीत नाही. दहा वेळा तरी म्हटलं असेल. मामाजींचे डोळे उघडे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

शेवटी वर्ध्याकडे जाणारा विटांचा एक रिकामा ट्रक थांबला. वर ताडपत्री धरून आम्ही बसलो. खड्ड्यात चाक गेलं की मामाजींच्या घशातून आवाज यायचा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मनात एकच चाललं होतं, पोहोचेपर्यंत राहू दे, मग माझं काहीही होऊ दे.

दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, नाकात नळी घातली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी आम्हा दोघींना खाटेजवळ उभं करून विचारलं, सकाळपासून काय खाल्लं. मी सांगितलं, लवकीची भाजी आणि भाकर. आणखी कोणी खाल्लं का? नाही, आम्हा दोघींना उपास. डॉक्टरांनी लिहिता-लिहिता हात थांबवला.

"भाजी कडू होती का?"

आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी चाखली नाही एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. नळीमुळे घोगरा, पण स्वच्छ.

"नाई जी. कडू नव्हती. गोड होती."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की? त्यांनी सांगितलं की लवकी कडू असली तर ती विषारी असते आणि आधीच कावीळ झालेल्या माणसाला ती झेपत नाही. मामाजींनी डोळे मिटून मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि काविळीनंच लिव्हर बिघडलं असेल, पाहू या, असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी उपास सोडला. मी सोडला नाही. नर्सनं चहा आणून दिला तो तसाच ठेवला. मला वाटत होतं, मी घोट घेतला की इकडे काहीतरी होईल. तिसऱ्या सकाळी चक्कर येऊन पडले तेव्हा नवऱ्यानं ओरडून मला पाणी पाजलं. तो निरोप मिळाल्यावर पूर ओसरताच आर्वीहून आला होता. त्याला वाटलं, वडिलांच्या काळजीनं बायकोनं अन्न सोडलं. वॉर्डातल्या बायकाही तेच एकमेकींना सांगत होत्या.

चौथ्या दिवशी कपडे आणायला मला गावी पाठवलं. घराचं कुलूप उघडून मी आत थांबलेच नाही, सरळ मागं गेले. पाऊस उघडला होता. मोडलेला मांडव, सडलेली वांगी आणि मागच्या कुंपणावर तो वेल, टवटवीत. मी मोजल्या, सात लवक्या होत्या. एक कापली, पातळ चकती काढली आणि जिभेवर ठेवली.

मी आयुष्यात कारली खाल्ली, कडुनिंब खाल्ला, कुनैनच्या गोळ्या चघळल्या. तसलं कडू मला माहीत नव्हतं. जीभ आत ओढली गेली, घसा बंद झाला, डोळ्यांना पाणी आलं. मी थुंकले, चूळ भरली, माती चोळली जिभेवर, तरी जाईना. संध्याकाळपर्यंत गेलं नाही. चकती अर्ध्या रुपयाएवढीही नव्हती, आणि त्यांनी वाटीभर खाल्ली होती. ते कडू होतं हे त्यांना पहिल्या घासालाच कळलं असणार, काविळीचं कडू आणि हे कडू कुणालाही वेगळं कळेल. पण मी मांडवावरची म्हटलं. वीस वर्षांचं त्यांचं बी कडू निघणार नाही यावर त्यांचा विश्वास, आणि मी खोटं बोलणार नाही यावरही. मग चुकत असेल तर आपली जीभ, असं समजून ते खात गेले.

मी वेल बुंध्याशी कापला. कुंपणावरून ओढताना दोन्ही हात काट्यांनी फाटले. साती लवक्या फोडून खड्ड्यात पुरल्या. त्या वेळी माझ्या मनात काय-काय आलं ते सगळं लिहिणार नाही. विहीर चार पावलांवर होती. मी तिच्या काठावर बराच वेळ बसून होते. शेजारणीनं कुंपणावरून हाक मारली, सासऱ्याची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, तेव्हा उठले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि आत बोलावून हळद लावून दिली.

मामाजी वाचले. म्हणजे त्या वेळेपुरते वाचले. बारा दिवसांनी घरी आणलं तेव्हा माणूस अर्धा झाला होता. दोन दिवस ते छपरीत पडून होते आणि मांडवाबद्दल एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाई शेजारच्या घरी बायकांशी बोलत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, मागं घेऊन चल. मी म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही. ते उठायला लागले. मग मी खांदा दिला.

दारातच थांबलो. समोर सगळंच दिसत होतं. मांडवाच्या काड्या आडव्या पडलेल्या, त्यावर वाळलेल्या वेलांच्या काळ्या दोऱ्या. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. त्यांनी सावकाश सगळीकडे पाहिलं. मागच्या कुंपणावर जिथं वेल ओढून काढला होता तिथं बोरीचे काटे उसकटलेले होते. तिथं त्यांची नजर जास्त वेळ राहिली. त्यांचा हात माझ्या खांद्यावरच होता.

"मले सांगाचं होतं, बाई," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायांशी बसले. काय बोलायचं ते मी दवाखान्यात बारा दिवस जुळवत होते, पण त्यातलं एक वाक्य आलं नाही. त्यांनी मला उठ म्हटलं. म्हणाले, तुझी सासू येईल. मी त्यांना परत बाजेवर आणून बसवलं. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या हातचं ते जेवत राहिले. जे वाढीन ते खायचे, कडू म्हणायचे नाहीत, गोड म्हणायचे नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी वाटी हातातून घेतली की ती रिकामी होईपर्यंत मी दाराआड उभी राहायची. आता प्रत्येक पदार्थ मी तीन-तीनदा चाखत होते. उपास मी कायमचे सोडून दिले. आत्याबाईंना सांगितलं, पित्त होतं.

पौषात त्यांच्या पोटात पाणी झालं आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले, काविळीनं लिव्हर आधीच खराब झालं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. नवऱ्यानं ते चार जणांना सांगितलं. मी स्वतःला ते सांगायचा खूप प्रयत्न केला. भाद्रपदात ते भिंत धरून चालत होते, हे मात्र कोणत्याही डॉक्टरनं पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी आत्याबाईंनी सांदवाडीत पुन्हा लावणी केली. लवकीचं बी त्यांनी बाजारातून आणलं. मला म्हणाल्या, तू लाव, तुझ्या हाताला गुण आहे, त्यांनीच शिकवलंय तुला. मी खुरपं घेऊन बसले, आळं केलं आणि बी बोटांत धरून बसूनच राहिले. शेवटी त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं.

दोन वर्षांनी आम्ही आर्वीला खोली केली. तिथं एकदा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. चकतीपासून गंज धुण्यापर्यंत सगळं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आईले सांगजो नोको. एवढंच. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही, पण त्या दिवसानंतर लवकी आमच्या घरात आली नाही आणि ती का येत नाही हे आम्ही मुलांना सांगितलं नाही.

आत्याबाई पुढं आमच्याकडेच राहायला आल्या. आर्वीच्या आमच्या आळीत त्यांच्या खूप ओळखी झाल्या. दुपारी चार बायका जमल्या की त्या माझ्याबद्दल सांगायच्या. कावीळ झाली तेव्हा सुनेनं कसं केलं, सांदवाडी बुडाली तरी सासऱ्याला कळू दिलं नाही, बाजारातून आणून-आणून पथ्य सांभाळलं, दवाखान्यात दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. पोटच्या पोरीनं केलं नसतं, म्हणायच्या. बायका माझ्याकडे वळून पाहायच्या. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी असायची. कप ठेवायची, कुणाला साखर कमी हवी ते विचारायची आणि आत जायची. आत्याबाई सात-आठ वर्षं आमच्याजवळ होत्या, आणि हे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.